अर्धी वाटी गोडं पाणी: बोअरच्या गावात ब्रशने दाढी

जी तूरडाळ गोड्या पाण्यात तीन शिट्ट्यांत शिजते, तीच बोअरच्या पाण्यात सहा शिट्ट्या होऊनही दाताखाली लागते. अशा घरात दाढीचा साबणही हटकून दगा देतो. दोन्हीकडे दोष पाण्यातल्या क्षारांचा. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. हौसेने ब्रश, साबण, स्टीलचा रेझर घेतला आणि महिनाभरात "आपल्याला जमत नाही" म्हणून तो कपाटात टाकला, अशांपैकी बऱ्याच जणांचा हात वाईट नसतो. ते पाण्यापुढे हरलेले असतात. म्हणून आधी पाण्याचं बघू, रेझरचं नंतर.

साबणाची या क्षारांशी गाठ पडली की तो फेस करायचं सोडून त्यांनाच जाऊन चिकटतो. त्यातून न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. मगाच्या कडेला बोट फिरवल्यावर लागणारा चिकट थर, ब्रशच्या मुळाशी साचलेली करडी घाण, ती हीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्याला चालतं म्हणून दाढीच्या साबणाला चालेलच असं नाही.

घरच्या घरी तपासायचं तर अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घ्या. तिच्यात कपभर पाणी, त्यात साबणाचे नखाएवढे दोन-तीन कीस, आणि दहा सेकंद जोरात हलवा. वर दाट फेस उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं तर प्रश्न मिटला. फेस लगेच बसला आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं तर ते जड पाणी.

त्यावर सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात निरुपयोगी सल्ला म्हणजे पाण्यात तुरटी फिरवा. तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेले क्षार जिथल्या तिथे राहतात. लिंबू पिळून तर काम आणखी बिघडतं, कारण आंबटपणा वाढला की साबण फुटतो. उकळण्याचा उपयोग होतो, पण अर्धवट: क्षारांचा एक भाग पांढरा होऊन पातेल्याच्या बुडाशी बसतो, उरलेला उकळूनही जात नाही. उकळलेलं पाणी गार करून वरचं वर ओतून घेतलं तर बोअरपेक्षा बरं असतं, एवढंच.

खरा उपाय स्वस्त आहे, कारण गोडं पाणी फार थोडं लागतं. फेस तयार व्हायला सगळं मिळून २०-२५ मिलिलिटर पुरतं, ब्रश भिजवण्यासकट अर्धी वाटी. तेवढं पिण्याच्या जारमधून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर असतंच. सीलबंद कॅनमधलं ते पाणी फेसाला सगळ्यात उत्तम, पाच लिटरच्या कॅनमध्ये पन्नास-साठ दाढ्या सहज निघतात. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पत्र्यावरची धूळ धुऊन गेले की पुढच्या पावसाच्या दोन बाटल्या भरून ठेवा, तेही चालतं. तोंड धुणं, रेझर खळबळणं, ब्रश विसळणं खुशाल बोअरच्या पाण्यात करा. फक्त फेसात ते शिरू देऊ नका. चेहरा बोअरच्या पाण्याने भिजवला असेल तर निथळू द्या, आणि फेस लावण्याआधी गोड्या पाण्याचा ओला हात एकदा फिरवा.

या पद्धतीला एकूण पाणी लागतं एक तांब्या. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हा हिशेब महत्त्वाचा. लातूरने तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय. वाटीत पाणी घेऊन दाढी करायची आपली सवय रेझर बनवणाऱ्यांनाही उशिराच कळली. जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी व्हेक्टर आणला, तेव्हा चाचणी घेतली होती अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. तिथे नळाला धो धो पाणी. इथे वाटीतल्या पाण्यात खळबळला की पात्यांमध्ये अडकलेले केस निघेनात. मग २०१० मध्ये एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा 'गार्ड' नावाचा रेझर आला.

सामान

ब्रश सिंथेटिक घ्या, गाठीचा व्यास २२ ते २४ मिलिमीटर. तो पाणी कमी पितो, साबण कमी खातो, तासाभरात वाळतो. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि दमदार असतो, पण दर वेळी पाच मिनिटं भिजवावा लागतो आणि नवा असताना पहिले दोन आठवडे वास मारतो.

रेझर दुधारी ब्लेडचा, तीन भागांचा: टोपी, तळपट्टी, दांडा. बटण फिरवल्यावर फुलपाखरासारखा उघडणारा दिसायला छान, पण त्याच्या बिजागरीत जड पाण्याचा थर बसतो आणि वर्षभरात तो कुरकुरायला लागतो. तीन भागांचा रेझर उघडून घासता येतो. तळपट्टीची कड सलग असलेला घ्या. कंगव्यासारखे दात असलेला रेझर वाढलेल्या दाढीला चांगला, नवशिक्याला जरा जास्तच धारदार वाटतो.

ब्लेडची पाकिटं मात्र एकदम शंभराची घेऊ नका. सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स यांचं एकेक पाकीट घ्या आणि प्रत्येक ब्लेड चार दाढ्या वापरून पाहा. एकाला लोण्यासारखं वाटणारं ब्लेड दुसऱ्याच्या गालाला ओरबाडतं. यात चूक-बरोबर काही नाही. बसवताना ब्लेड नेहमी आखूड बाजूंनी धरा: टोपी उलटी हातात, तिच्यावर ब्लेड, वर तळपट्टी, मग दांडा पिळा. शेवटी रेझर डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखंच बाहेर आलंय का बघा. एकीकडे जास्त आलं असेल तर त्या बाजूने कापणारच.

वस्तऱ्याची हौस असेल तर ती वेगळी विद्या आहे. वस्तरा दर दाढीआधी चामड्यावर परजावा लागतो आणि अधूनमधून दगडावर धार काढावी लागते. सलूनवाल्यांच्या धोपटीतही आता अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तराच असतो. दुधारीवर हात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

फेस

आंघोळीनंतर लगेच बसा. दाढीचा केस दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिला की फुगून मऊ होतो, कोरडा असताना तो चिवट असतो. आंघोळ आधी नको असेल तर कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं गालांवर दाबून धरा. उन्हाळ्यात स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट तोंडावर घेऊ नका, ते कोमट नसतं, पोळतं.

ब्रश गोड्या पाण्यात बुडवून दोनदा झटका. साबणाच्या वडीवर ३० सेकंद गोल फिरवा. पाण्याची खात्री नसेल तर एक मिनिट, साबण जास्त घेणं हाच जड पाण्यावरचा दुसरा उतारा. क्रीम असेल तर बदामाएवढी पुरते. ब्रशच्या टोकांवर चिकट दाट थर दिसला की वाटीत फेटायला घ्या. पाणी ओतायचं नाही. चहाच्या चमच्याने अर्धा-अर्धा चमचा घालायचं आणि प्रत्येक वेळी १०-१५ सेकंद फेटायचं. तीन ते पाच वेळा.

कुठे थांबायचं हे फेसच सांगतो. चक्क्यासारखा गोळा होत असेल, टोकं ताठ उभी राहत असतील आणि चकाकी नसेल तर तो कोरडा आहे, अजून अर्धा चमचा घाला. मोठे बुडबुडे दिसून वाटीच्या कडेने ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं. ब्रश पुन्हा वडीवर फिरवा, फेटत बसून तो दाट होत नाही. बरोबर जमलेला फेस सायीसारखा असतो: ओला, चकचकीत, बुडबुडा जवळपास दिसत नाही. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीत धरून घासून पाहा. बोटं सुळकन सरकली तर जमला, कचकचली तर कोरडा. फुगीर फेस दिसायला भारी, पण पात्याला घसरवतो तो त्यातला ओलावा. टीव्हीवरच्या जाहिरातीतला ढगासारखा फेस फोटोपुरता ठीक.

एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करा. चाळिशी ओलांडलेल्या कोरड्या हवेत आणि वर पंख्याखाली फेस दोन मिनिटांत गालावर वाळतो आणि ब्लेड ओढायला लागतं. पंखा हवाच असेल तर आधी एकच गाल फेसाळा, तो उरका, मग दुसरा.

पातं फिरवताना

त्याआधी एकदाच करायचं काम: दोन दिवसांचे खुंट असताना कोरड्या चेहऱ्यावर चारी दिशांनी बोट फिरवा. जिकडे बोट सहज सरकतं ती केसांची दिशा. गालावर ती बहुधा वरून खाली असते, गळ्यावर मात्र अनेकांना भोवरा असतो, एका बाजूचे केस आडवे, दुसरीकडचे खालून वर. हा नकाशा लक्षात ठेवा. गळ्यावरची निम्मी आग तो न पाहिल्याने होते.

टोपी गालाला टेकवा, दांडा जवळपास आडवा. आता दांडा हळूहळू खाली आणा. पातं केसाला लागल्याचा बारीक खरखर आवाज आला की तोच कोन, साधारण ३० अंश. आवाज थांबला म्हणजे कोन सुटला. दुसऱ्या हाताने कातडी ताणा, दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारा, आणि दाब शून्य ठेवा. रेझरचं वजन पुरतं. प्लास्टिकच्या हलक्या रेझरवर दाब द्यायची सवय झालेली असते आणि पहिल्या आठवड्यातले सगळे काप तिचेच.

सुरुवात गालांनी, तिथलं सोपं. हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग शेवटी, तोवर तिथले जाड केस फेसाखाली आणखी मऊ होतात. कंठमण्यावरून सरळ जाऊ नका. कातडी बोटाने एका बाजूला ओढून सपाट जागी आणा आणि तिथे कापा. एक बाजू भरली की रेझर फिरवा, मग मगात खळबळा. मगातलं पाणी मध्ये एकदा बदला.

पहिली फेरी केसांच्या दिशेने. हवी असल्यास पुन्हा फेस लावून दुसरी, आडवी. उलटी फेरी पहिला महिनाभर नको, आणि गळ्यावर अनेकांनी ती कधीच करू नये, तिथेच केसतोड उठतात. फेस नसलेल्या जागी पातं फिरवायचं नाही, "एवढंसं राहिलंय" म्हणूनसुद्धा नाही.

गार पाण्याने धुवा आणि ओली तुरटी हळूच फिरवा. अर्धा मिनिट ठेवून धुऊन टाका. तुरटीने बारीक काप मिटतात, शिवाय त्या दिवसाचा निकालही कळतो: जिथे झोंबलं तिथे हात दाबला गेला. तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा हवा. रक्ताला लागलेला खडा किंवा ब्लेड यांतून कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. सलूनमध्येही नवं ब्लेड डोळ्यांसमोर बसवायला सांगायला लाजू नका.

घाईच्या दिवशी

साडेआठची एसटी गाठायची असेल तर हे सगळं करायची गरज नाही. आंघोळीतून बाहेर आल्यावर ओल्या चेहऱ्याला ब्रशशिवाय लावायचं क्रीम चोळा. त्याला फेस करावाच लागत नाही, म्हणून बोअरचं पाणीही त्याला फारसं बाधत नाही. एकपाती रेझरने केसांच्या दिशेने एक फेरी, धुवा, झालं. तीन-चार मिनिटं. तीन आणि पाच पात्यांचे रेझर आणखी भरभर उरकतात, पण कुरळ्या दाढीला ते जपून: केस कातडीच्या खालून कापला जातो आणि वाढताना आतच वळतो. हौसेची दाढी रविवारची, रोज ही, अशी वाटणी केली तरी काही बिघडत नाही. नकाशा, कोन आणि दाब नको, या तीन गोष्टी मात्र घाईतही तशाच लागू.

श्रावण पाळलेली दाढी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी थेट रेझरखाली घेऊ नका. आधी कात्री किंवा ट्रिमरने दोन-तीन मिलिमीटरवर आणा, नाहीतर केस पात्याखाली अडकून ओढले जातात.

ब्लेड चार ते सहा दाढ्यांनंतर बदला. पहिल्याच फेरीत ओढ जाणवली तर मोजत बसू नका, काढून टाका. एका ब्लेडला दोन ते पाच रुपये पडतात, तिथे काटकसर नको. रेझरवर पांढरा थर चढला की महिन्यातून एकदा सुटा करून दहा मिनिटं पातळ व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. ब्रश विसळून झटकून टांगा, बंद डब्यात ओला ठेवला की कुबट वास येतो. वापरलेली ब्लेडं घंटागाडीच्या कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा हातानेच वेगळा केला जातो. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा ठेवा. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून द्या.