मराठी मुलांसाठी इंग्रजी ध्वनींचे खेळ वर्गात कसे घ्यावेत?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली सुरुवात झाली. आजही अनेक वर्गांत या विषयाची सुरुवात अक्षरांच्या नावांनीच होते. मुले २६ अक्षरे घडाघडा म्हणू लागतात, परंतु फळ्यावर बी, ए, टी ही तीन अक्षरे शेजारी शेजारी लिहिली की 'बी-ए-टी' असे म्हणून तिथेच थांबतात. त्यातून 'बॅट' हा शब्द काही निघत नाही. याचे कारण मुलांच्या कुवतीत नाही. देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी एकच असतो, इंग्रजीत तसे नसते. शिवाय तेथील २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनींचे काम करावे लागते. अक्षर आणि ध्वनी यांची ही जोडी पद्धतशीरपणे शिकवणे म्हणजे फोनिक्स, आणि लहान मुलांना ते खेळांतून जितके चांगले येते तितके घोकंपट्टीने येत नाही.

मात्र खेळ कोणताही घेतला तरी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे क्रम: ध्वनी आधी कानाला ओळखू यावा, मग तोंडातून निघावा, त्यानंतर त्याचे अक्षर डोळ्यांना दिसावे आणि सर्वांत शेवटी ते हाताने लिहिले जावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती अशी की खेळातील प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलाला माहीत असला पाहिजे. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याने 'नॅप' हा शब्द वाचला की त्याला तो ओळखीचा वाटतो. ठाणे-नवी मुंबईकडच्या दिघ्यातील किंवा लोकमान्यनगरातील आपल्या मुलासाठी तो केवळ एक आवाज असतो. वाचले खरे, पण कळले काहीच नाही, अशी सवय पहिलीत लागली तर ती पुढे फार त्रास देते.

शब्दांची निवड

खेळ ठरवण्यापूर्वी शब्दांची यादी करावी आणि ती मुलांच्या रोजच्या मराठीतूनच करावी. आपल्या मुलांच्या बोलण्यात इंग्रजी शब्दांचा मोठा साठा आधीपासून असतो: बस, बॅग, बॅट, रन, पेन, पिन, फॅन, कप, टब, मग, जग, नेट, गम, व्हॅन. हे सगळे तीन ध्वनींचे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ शिकवावा लागत नाही. जॉली फोनिक्स या प्रसिद्ध पद्धतीत ४२ ध्वनी शिकवले जातात आणि त्यांचा पहिला गट एस, ए, टी, आय, पी, एन या अक्षरांचा असतो. एवढ्या सहा अक्षरांतून पुष्कळ शब्द तयार होतात, हा त्या क्रमाचा मोठा गुण आहे. परंतु त्यांपैकी 'सॅट', 'सिप', 'नॅप' यांसारखे शब्द आपल्या मुलांच्या ओळखीचे नसतात. म्हणून माझे मत असे आहे की मराठी माध्यमाच्या वर्गात एफ, एम, एन, आर ही अक्षरे लवकर आणावीत आणि त्यांच्याबरोबर ए व यू हे दोन स्वर घ्यावेत.

असे सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. फ्, म्, न्, स् हे ध्वनी लांबवता येतात, तर ब्, ट्, क्, प् हे लांबवता येत नाहीत. ते लांबवायला गेले की मागे 'अ' चिकटतो, आणि 'ब-ॲ-ट' असे कितीही वेळा म्हटले तरी त्याचे 'बॅट' होत नाही. 'फ्ऽऽ-ॲऽऽ-न्ऽऽ' म्हणताना मात्र ध्वनी आपोआप एकमेकांत मिसळतात. पहिले काही आठवडे असेच शब्द निवडावेत आणि ब्, ग्, ट्, प् नंतर आणावेत. लहान लिपीतील बी आणि डी ही अक्षरे एकाच आठवड्यात कधीही शिकवू नयेत. ती एकमेकांची आरशातील रूपे असल्याने मुलांचा हमखास गोंधळ होतो.

साहित्य आणि वेळ

विकतचे साहित्य लागत नाही. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून निघालेल्या फळांच्या खोक्यांचा पुठ्ठा, जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, रंगीत खडू आणि मूठभर चिंचोके एवढ्यावर वर्षभराचे काम भागते. पुठ्ठ्याची तळहाताएवढी कार्डे कापून प्रत्येकावर एकच अक्षर मोठे लिहावे. स्वरांची कार्डे लाल खडूने आणि व्यंजनांची निळ्या खडूने लिहिली तर पुढे उपयोग होतो.

एका खेळाला दहा-बारा मिनिटे पुरेशी असतात आणि एका खेळात एकच नवा ध्वनी असावा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या शाळेत वाहनांचा आवाज असतो, जूनपासून त्यात पावसाचा आवाज मिसळतो, आणि फ्, स् हे हलके ध्वनी मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून ऐकण्याचे खेळ परिपाठानंतर लगेच, शाळेत सर्वांत शांतता असते तेव्हा घ्यावेत आणि शिक्षकांनी वर्गाच्या मधोमध उभे राहावे.

पहिला खेळ: चिमणी उड

हा खेळ प्रत्येक मुलाला येतो, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही. मुलांनी बोटे बाकावर टेकवावीत. शिक्षकांनी आजचा ध्वनी सांगावा, उदाहरणार्थ 'म्', आणि मग एकेक शब्द म्हणावा. शब्द त्या ध्वनीने सुरू होत असेल तरच बोट उडवायचे: मग, मॅप, पेन, मॅट, बस. सुरुवातीला यादीत मराठी शब्दही घालावेत. 'मासा' आणि 'मीठ' यांतही तोच ध्वनी आहे हे मुलांच्या लक्षात आले की इंग्रजीची भीती बरीच कमी होते. दुसऱ्या दिवशी हाच खेळ डोळे मिटून घ्यावा, कारण उघड्या डोळ्यांनी निम्मी मुले शेजाऱ्याचे बोट पाहून आपले बोट उडवतात आणि कोणाला खरोखर ऐकू आले हे कळत नाही.

बोट चुकीचे उडाले तरी मुलाला बाद करू नये. ही सूचना सर्व खेळांना लागू आहे. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाद होऊन कोपऱ्यात बसतो, आणि ज्याला आधीच येते तो शेवटपर्यंत खेळत राहतो; शिकवण्याच्या खेळात याहून उलटे काही असू शकत नाही.

दुसरा खेळ: ठाणे-वाशी लोकल

ध्वनी जोडून शब्द तयार करण्याचा हा खेळ आहे. तीन मुलांनी एफ, ए, एन अशी कार्डे छातीशी धरून हातभर अंतरावर उभे राहावे. हे तीन डबे. एक मूल मोटरमन होते आणि एकेका डब्याच्या खांद्याला हात लावत पुढे जाते. हात लागला की त्या डब्याने आपला ध्वनी म्हणायचा, अक्षराचे नाव नाही. मोटरमन दुसऱ्यांदा येतो तेव्हा डबे एक पाऊल जवळ सरकतात, तिसऱ्यांदा खांद्याला खांदा लागतो, आणि मग सगळ्या वर्गाने मिळून घोषणा करायची, "पुढील स्टेशन, फॅन!" घोषणा झाल्यावर एका मुलाने छताकडील पंख्याकडे बोट दाखवायचे. अर्थ दाखवण्याची ही शेवटची कृती वगळू नये.

गाडी पुढे निघाली की प्रत्येक स्थानकावर एकच डबा बदलावा. दिघा गावला पहिला डबा बदलून 'मॅन', ऐरोलीला शेवटचा बदलून 'मॅप', रबाळ्याला पुन्हा शेवटचा बदलून 'मॅट'. एका अक्षराने शब्द कसा बदलतो हे मुलांना अशा वेळी डोळ्यांसमोर दिसते. मधला डबा, म्हणजे स्वर, बदलण्याचे काम शेवटी ठेवावे, कारण ते सर्वांत अवघड असते.

तिसरा खेळ: ठिकरी

ध्वनी जोडण्यापेक्षा शब्दातील ध्वनी सुटे करणे आपल्या मुलांना जास्त जड जाते, आणि लिहिण्यासाठी नेमकी तीच क्षमता लागते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ डी. बी. एल्कोनिन यांनी यासाठी चौकटींची एक पद्धत सुचवली होती: शब्दात जितके ध्वनी तितक्या चौकटी काढायच्या आणि ध्वनी उच्चारताना एकेका चौकटीत एक सोंगटी सरकवायची. आपल्याकडे ठिकरीचे घर आहेच. वऱ्हांड्यात खडूने एकापुढे एक तीन घरे आखावीत, शिक्षकांनी शब्द म्हणावा आणि मुलाने प्रत्येक ध्वनीला एक अशी लंगडी घालत पुढे जावे.

घणसोलीतील एका वर्गात हा खेळ पाहताना दुसरीतील एका मुलीने 'फॅन' म्हणत दोनच उड्या मारल्या आणि तिसऱ्या घरासमोर एका पायावर डुलत उभी राहिली. "बाई, एक घर उरलं," ती म्हणाली. तिचे ऐकणे चुकलेले नव्हते. देवनागरीत 'फॅन' ही दोनच अक्षरे आहेत, 'फॅ' आणि 'न', आणि तिने तीच मोजली होती. बाईंनी तिला खाली बसवले, हातात तीन चिंचोके दिले आणि 'फॅ' हेच अक्षर अगदी सावकाश म्हणायला सांगितले. दात ओठावर टेकलेले असतात तेव्हा एक चिंचोका, तोंड उघडते तेव्हा दुसरा. मग ती पुन्हा उभी राहिली आणि तिन्ही घरे घेतली. मुलांना ही अडचण पहिल्या आठवड्यात येतेच, म्हणून त्या वेळी 'चूक' हा शब्द वापरू नये. बाराखडी शिकलेल्या मुलाला व्यंजन आणि स्वर जोडूनच ऐकू येतात, आणि त्यांना वेगळे करणे हे त्याच्यासाठी नवे काम असते. ज्या मुलांना अक्षराचा पाय मोडणे माहीत आहे त्यांना फळ्यावर 'फ् + ॲ + न्' असे एकदा लिहून दाखवले की बरेचसे उलगडते. 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने आपल्या वर्णमालेत आले आहेत, त्यामुळे ते दाखवण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मात्र इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेण्याची सवय वहीत लावू नये. हा आधार फळ्यावर द्यावा आणि काम झाले की पुसावा.

चौथा खेळ: मामाचं पत्र

अक्षर पाहून ध्वनी आठवण्यासाठी हा खेळ घ्यावा. मुले गोल बसतात, रुमालाऐवजी अक्षराचे कार्ड पाठीमागे पडते, आणि ज्याला ते सापडते त्याने पळत सुटण्यापूर्वी कार्ड उंच धरून ध्वनी आणि त्या ध्वनीचा एक शब्द म्हणायचा. वर्गात ४० मुले असतील तर दोन गोल करावेत. जागा नसेल तर कार्ड बाकांखालून फिरवावे. खेळ तोच राहतो.

पाचवा खेळ: डोंगर का पाणी

ज्या ध्वनींत मराठी कान फसतो त्यांच्यासाठी हा खेळ राखून ठेवावा. 'पेन' आणि 'पॅन', 'बेड' आणि 'बॅड' या जोड्या प्रथम घ्याव्यात. बाक किंवा पायरी हा डोंगर आणि फरशी हे पाणी ठरवावे. 'ए' ऐकू आला तर डोंगरावर, 'ॲ' ऐकू आला तर पाण्यात. पेन आणि छोटा तवा दोन्ही वस्तू शिक्षकांच्या हातात असाव्यात, म्हणजे आवाजाचा फरक हा अर्थाचा फरक आहे हे समजते. त्यानंतर 'व्हॅन' आणि 'वन' (म्हणजे एक) यांच्या आरंभीचे ध्वनी घ्यावेत. मराठीत या दोन्हींचे काम एकाच 'व'वर भागते, म्हणून येथे कानापेक्षा आरसा अधिक उपयोगी पडतो: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागलेले दिसतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात आणि दात कशालाच लागत नाहीत. आठ-दहा मुलांच्या गटात एक छोटा आरसा फिरवला तरी पुरतो.

काय टाळावे

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची ध्वनिवाचनाची एक चाचणी घेतली जाते. तिच्या ४० शब्दांपैकी २० शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात, जेणेकरून मूल पाठांतरावर वाचत नाही हे कळावे. चाचणी म्हणून त्यात अर्थ आहे. परंतु अशा निरर्थक शब्दांचे खेळ आपल्या वर्गात आणू नयेत, कारण आपल्या मुलाला खरा इंग्रजी शब्द कोणता आणि बनावट कोणता हे ओळखण्याचे साधन अजून मिळालेले नसते. 'वॉज', 'सेड', 'वन' यांसारखे स्पेलिंग ध्वनीला धरून नसलेले शब्द वाचनाच्या खेळात घेऊ नयेत. 'डोंगर का पाणी'त 'वन' येतो तो केवळ ऐकण्यापुरता. असे शब्द भिंतीवर वेगळ्या तक्त्यात लावून रोज नजरेखालून घालवावेत.

नव्या ध्वनीकडे कधी वळावे, हा प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात. त्यासाठी शुक्रवारी मधल्या सुट्टीपूर्वी पाच-सहा मुलांना एकेक करून जवळ बोलवावे, त्यांत मागच्या बाकावरची मुले आवर्जून असावीत. प्रत्येकाला आठवड्यातील ध्वनी असलेले, परंतु खेळात न आलेले दोन ओळखीचे शब्द कार्डांनी मांडून वाचायला द्यावेत आणि एक शब्द ऐकवून त्याची कार्डे लावायला सांगावीत. बहुतेकांना हे आपले आपण जमले तर सोमवारी पुढचे अक्षर घ्यावे. जमले नाही तर तेच अक्षर ठेवावे आणि फक्त खेळ बदलावा.