पद्मिनीचे मागचे ब्रेक घरीच करताना

प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर म्हणजे घर्षणाचे पट्टे घासून गाडी थांबते), त्यामुळे मागून चर्रर्र आवाज यायला लागला की लायनर संपलेत असं समजा आणि ड्रम उघडाच. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर सोडू नका, खाली स्टँड हवाच. ड्रम निघत नसेल तर अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमच्या किती जवळ राहतील ते ठरवणारा भाग) सैल करून लाकडी हातोडीने गोल फिरत हलके ठोके द्या. आतली काळी धूळ फुंकायची नाही हं, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक, ओल्या फडक्यानेच पुसा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंग कुठे कशी बसते ते दुसरीकडे बघता येतं. आता व्हील सिलेंडरच्या (ब्रेक ऑईलच्या दाबाने लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलेंडर) रबरी टोपीची कड उचलून बघा, आत ओलं दिसलं तर त्याच्या रबरांचं किट बदलाच, आणि सिलेंडरच्या आत नखाला खड्डा लागला तर सिलेंडरच नवीन घ्या, इथे काटकसर अजिबात नको. रबराला ग्रीस किंवा पेट्रोल लावू नका, फुगतं, फक्त ब्रेक ऑईल. लायनर तेलाने भिजलेले असतील तर घासून उपयोग नाही, दोन्ही चाकांचे एकदम बदला नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. शेवटी ब्रेक ऑईलमधली हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून (ब्रेक पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलेंडर) लांबच्या चाकापासून सुरुवात करा.