एका फ्रेमचा हिशेब: नव्या इंजिनिअरांना एम्बेडेड व्हिडिओ शिकवायची माझी पद्धत

कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या चार-सहा जणांना एम्बेडेड लिनक्सवर (यंत्राच्या आत बसणाऱ्या छोट्या बोर्डावरचं लिनक्स) व्हिडिओचं काम शिकवून तयार करा, ही जबाबदारी हल्ली कुठल्याही टीम लीडच्या गळ्यात पडते. चाकण-भोसरीकडे सुटे भाग कॅमेऱ्याने तपासणारी यंत्रं लागतात, हिंजवडीत गाडीच्या कॅमेऱ्यांवर कामं चालतात. माणसं सगळ्यांनाच हवीत, तयार कुणी मिळत नाही. मी पुण्यात हे शिकवतोय त्याला बरीच वर्षं झाली. खाली लिहिलंय ती माझी पद्धत. पटेल तेवढी घ्या.

सुरुवातीला ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी तयार लायब्ररी) बंद. पोरं कुरकुरतात, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तीन ओळींत चित्र मिळालेलं असतं. पण त्या तीन ओळींच्या आत काय घडलं हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. बोर्डावर काम करताना चेहरा कसा ओळखायचा हा प्रश्न फार उशिरा येतो. त्याआधी सेकंदाला ३० फ्रेम यायला हव्यात तिथे ११ का येतात, हा प्रश्न उभा असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सामान

दोघांत एक बोर्ड द्या. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं, जेवणानंतर अदलाबदल. प्रत्येकाला वेगळा बोर्ड दिला की जो तो आपापल्या चुकीत दिवसभर मुकाट्याने बसून राहतो.

बोर्ड म्हणून मी अजून रास्पबेरी पाय ४ वापरतो. पाय ५ जास्त वेगवान आहे, पण त्यात एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची नेहमीची पद्धत) एन्कोड करणारं हार्डवेअरच ठेवलेलं नाही. पाय ४ मध्ये ते आहे, १०८० ओळींचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने एन्कोड करतं, आणि मला शिकवायचंय ते नेमकं हेच: काम प्रोसेसरच्या अंगावरून काढून हार्डवेअरकडे कसं द्यायचं. सोबत ५ व्होल्ट ३ अँपिअरचा व्यवस्थित अडॅप्टर हवा. घरचा मोबाईल चार्जर लावला की व्होल्टेज पडतं, प्रोसेसर आपला वेग कमी करतो, आणि पोरं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात. बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर बघायची सिरियल केबल ३.३ व्होल्टचीच घ्या, ५ व्होल्टची लावली तर बोर्डाच्या पिना जातात. शिवाय एक साधा यूएसबी वेबकॅम आणि एक आयएमएक्स२१९ सेन्सरचा रिबन केबलवाला कॅमेरा.

पहिला दिवस कागदावर

लॅपटॉप बंद ठेवायला सांगा. फळ्यावर लिहा: रुंदी १९२०, उंची १०८०, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे न दाबलेल्या चित्राचा नेहमीचा वाययूवायव्ही फॉरमॅट (वाय म्हणजे उजेड, यू आणि व्ही म्हणजे रंग). एक फ्रेम किती बाइटची? ४१,४७,२००. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे साधारण १२ कोटी ४४ लाख बाइट. हेच एनव्ही१२ मध्ये (रंगाची माहिती आणखी कमी ठेवणारा फॉरमॅट) केलं तर पिक्सेलला दीड बाइट, म्हणजे ९ कोटी ३३ लाख. मेमरीत एक जादा कॉपी केली की तेवढे बाइट पुन्हा वाचायचे आणि पुन्हा लिहायचे. ही संख्या डोक्यात बसल्याशिवाय पुढचं काहीही शिकवू नका.

आता वेबकॅम लावा आणि व्हीफोरएलटूच्या (लिनक्समधला कॅमेऱ्याशी बोलायचा इंटरफेस) टूलने तो कुठले फॉरमॅट देतो त्याची यादी काढा. बऱ्याच साध्या यूएसबी २ कॅमेऱ्यांवर असं दिसतं: वाययूवायव्ही ६४०×४८० ला ३० फ्रेम, १२८०×७२० ला १०, १९२०×१०८० ला फक्त ५. एमजेपेगमध्ये (प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबलेली) मात्र सगळीकडे ३०. का, ते विचारा आणि गप्प बसा.

कुणीतरी पटकन सांगतं, यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६ कोटी बाइट, त्यात १०८० बसत नाही. बरोबर. मग ७२० ला फक्त १० का? १८,४३,२०० गुणिले ३० म्हणजे साडेपाच कोटी. “सर, साडेपाच सहामध्ये बसतंय की.” इथे खरा धडा सुरू होतो. हे कॅमेरे आयसोक्रोनस पद्धतीने (ठरलेल्या वेळी ठरलेला वाटा) डेटा पाठवतात. यूएसबी २ मध्ये सेकंदाचे ८००० सूक्ष्म-फ्रेम (वेळेचे तुकडे, चित्राच्या फ्रेम नव्हेत) असतात आणि एका एंडपॉइंटला (डिव्हाइसमधली डेटाची एक वाट) एका सूक्ष्म-फ्रेममध्ये जास्तीत जास्त १०२४ बाइटचे ३ तुकडे मिळतात. ३०७२ गुणिले ८००० म्हणजे २ कोटी ४५ लाख ७६ हजार. ही खरी मर्यादा. आता भागाकार करायला लावा: ७२० साठी उत्तर १३.३ येतं, १०८० साठी ५.९, ६४०×४८० साठी ४०. कॅमेरा बनवणाऱ्याने खालचा सोयीचा आकडा घेतला: १०, ५ आणि ३०. यादीतला प्रत्येक आकडा कागदावर निघतो. हे स्वतःच्या हाताने काढलेलं पोरगं पुढे “कॅमेरा स्लो आहे” असं म्हणत नाही.

एक फ्रेम, फाइलमध्ये

मग एकच फ्रेम कच्च्या स्वरूपात फाइलमध्ये उतरवा. आधी फाइलचा आकार बघायचा, चित्र नंतर. ६४०×४८० ला ६,१४,४०० बाइट भरलेच पाहिजेत.

त्यानंतर ती फाइल मुद्दाम चुकीची वाचायला लावा. रुंदी थोडी कमी सांगितली तर चित्र तिरकं घसरतं. पुढे ड्रायव्हर ओळीच्या शेवटी जादा बाइट ठेवेल आणि कोड तिकडे दुर्लक्ष करेल, तेव्हा हीच घसरण दिसणार आहे. यू आणि व्ही यांची अदलाबदल केली तर माणसांचे चेहरे निळे पडतात. बफर (फ्रेमसाठीची मेमरीतली जागा) शून्यांनी भरलेला राहिला तर पडदा हिरवागार होतो, कारण वाययूव्हीमध्ये सगळी शून्यं म्हणजे हिरवा रंग. १०८० च्या व्हिडिओत तळाशी बारीक हिरवी पट्टी दिसली तर ती ८ ओळींची असण्याची शक्यता फार: एच.२६४ सोळा-सोळाच्या ठोकळ्यांत काम करतो, १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून बफर १०८८ ओळींचा असतो. मी या बिघडलेल्या चित्रांचे प्रिंट काढून भिंतीवर लावलेत. ग्राहकाकडून व्हॉट्सअॅपवर फोटो आला की पोरं आधी भिंतीकडे बघतात.

मग सी मध्ये प्रोग्राम. लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमचा गाभा) कागदपत्रांत कॅप्चरचं नमुना उदाहरण आहे. ते वाचू द्या, पण कॉपी-पेस्ट नको. डिव्हाइस उघडणे, फॉरमॅट मागणे, चार बफर मागून आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत मॅप करणे, रांगेत लावणे, स्ट्रीम चालू करणे, भरलेला बफर काढणे, वापरून परत रांगेत टाकणे. हा क्रम झोपेतही सांगता आला पाहिजे. दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. फॉरमॅट मागितल्यावर ड्रायव्हरने खरं काय दिलं ते परत वाचलंय का? तुम्ही एक मागता, तो गुपचूप जवळचं दुसरं देतो आणि एररही देत नाही. दुसरं, प्रत्येक बफरसोबत येणारा क्रमांक छापलाय का? प्रक्रियेच्या मध्ये १०० मिलिसेकंद झोप घालायला सांगा. क्रमांक उड्या मारायला लागतात आणि फ्रेम कशी गळते ते डोळ्यांना दिसतं.

बोर्ड किंवा कॅमेरे कमी पडले तर अडून राहू नका. कर्नलमध्ये ३.१८ पासून विव्हिड नावाचा आभासी कॅमेरा ड्रायव्हर आहे. लॅपटॉपवरच रंगीत पट्ट्यांचा व्हिडिओ मिळतो.

जाता जाता ट्यूबलाइटचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल तर चित्रात आडवे पट्टे सरकतात. पॉवर लाइन फ्रिक्वेन्सीचं कंट्रोल ६० वर असलेले कॅमेरे सर्रास मिळतात. माझ्या लॅबमध्ये अशी एक ट्यूब खास यासाठी ठेवलीय आणि ऑफिसवाल्यांना ती बदलू देत नाही.

बोर्डावर उतरताना

पहिल्यांदा बिल्डरूट, योक्टो नंतर; दोन्ही बोर्डासाठी लिनक्स तयार करायची साधनं. योक्टो वाईट नाही, खरं प्रॉडक्ट बहुधा त्यावरच निघेल, पण शिकाऊ माणसाचा सगळा जीव रेसिपी आणि लेअरमध्ये जातो आणि व्हिडिओ राहतो बाजूला. रूट फाइलसिस्टिम नेटवर्कवरून एनएफएसने द्या, नाहीतर दर बदलाला एसडी कार्ड काढ-घाल करण्यात दिवस जातो.

रिबन केबलच्या कॅमेऱ्यासाठी डिव्हाइस ट्री (बोर्डाला काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) शिकवावीच लागते. ती भाषण देऊन समजत नाही. मी संध्याकाळी सगळे गेल्यावर प्रत्येक बोर्डात एक खोडी करून ठेवतो. कुणाच्या ट्रीमध्ये सेन्सरचा आयटूसी (चिपांना जोडणारी दोन तारांची बस) पत्ता बदललेला (आयएमएक्स२१९ चा खरा पत्ता हेक्समधला १०), कुणाचा एंडपॉइंट (इथे ट्रीमधलं कॅमेऱ्याच्या जोडणीचं टोक) भलत्याच पोर्टला जोडलेला, कुणाची केबल उलटी. केबल बदलताना वीज बंद, हे दोनदा बजावून सांगायचं. सकाळी पोरांनी कर्नलचा लॉग वाचून घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. कोडला हात लावायचा नाही.

मीडिया कंट्रोलरसाठी (सेन्सरपासून पुढचे घटक एकमेकांना जोडायची कर्नलची सोय) व्हिमसी हा दुसरा आभासी ड्रायव्हर घ्या. दोन घटकांच्या जोडावर एका बाजूला एक फॉरमॅट आणि दुसऱ्या बाजूला दुसरा ठेवा आणि स्ट्रीम चालू करा. “ब्रोकन पाइप” असा एरर येतो. नवखा माणूस नेटवर्क तपासायला धावतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की पाइपलाइनमधले फॉरमॅट जुळत नाहीत. सेन्सरकडून थेट आलेलं चित्र काळपट-हिरवं आणि जाळीदार दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तो बायर डेटा आहे, प्रत्येक पिक्सेलला एकच रंग. रंग आयएसपीतून (कच्च्या चित्रावर प्रक्रिया करणारं हार्डवेअर) गेल्यावर येतात, आणि तिथे ते चालवणारी लिबकॅमेरा लायब्ररी लागते.

जीस्ट्रीमर, आणि लागणारा वेळ

आता जीस्ट्रीमर (घटक एकापुढे एक जोडून व्हिडिओची पाइपलाइन बनवायचं साधन) उघडा. नेमका नियम एकच: पाइपलाइन अडली की एक टोक बदला. कॅमेऱ्याच्या जागी टेस्ट सोर्स, पडद्याच्या जागी फेक सिंक (आलेलं सगळं टाकून देणारा). दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते लगेच कळतं. पाइपलाइनचा आलेख फाइलमध्ये काढता येतो. तो ए३ कागदावर छापून प्रत्येक जोडावर कुठला फॉरमॅट आहे ते पेनाने लिहायला लावा. व्हिडिओकन्व्हर्ट (फॉरमॅट बदलणारा घटक) दिसला की लाल गोल. बहुतेक वेळा प्रोसेसर तिथेच खर्ची पडतो, आणि थोडी खटपट केली की कॅमेरा आणि एन्कोडर एकाच फॉरमॅटवर राजी होतात. मग डीएमए-बफने (एकच बफर वाटून वापरायची कर्नलची सोय) बफर कॉपी न करता पुढे सरकवायचे. आधी आणि नंतर प्रोसेसरचा भार मोजून वहीत लिहायचा.

उशीर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं पडद्यावर यायला लागणारा वेळ, मोजायला महागडं उपकरण नको. मॉनिटरवर स्टॉपवॉच लावा, कॅमेरा त्याच्यावर रोखा, बोर्डाचा पडदा शेजारी ठेवा आणि मोबाईलने दोन्हींचा एकच फोटो काढा. वजाबाकी म्हणजे उशीर. ६० हर्ट्झचा मॉनिटर असल्यामुळे १६-१७ मिलिसेकंद इकडेतिकडे होतील, म्हणून दहाबारा फोटो काढून सरासरी घ्या. ३० फ्रेमला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे चार बफरची रांग भरून राहिली तर १३३ मिलिसेकंद तिथेच गेले.

शेवटची परीक्षा

लेखी परीक्षा घेऊ नका. काम द्या: ७२० चा व्हिडिओ, हार्डवेअरने एन्कोड करून नेटवर्कवर, बोर्ड बंद डब्यात, रात्रभर चालू. मे महिन्यात एसी बंद केलेल्या खोलीत पाय ४ सहज ८० अंशांवर जातो आणि वेग कमी करायला लागतो. सकाळी तापमान, मेमरी आणि गळलेल्या फ्रेम यांचे आकडे दाखवायचे.

मग त्यांच्यासमोर चालू वेबकॅमची केबल उपटा आणि परत लावा. भरलेला बफर काढताना “डिव्हाइस नाही” असा एरर येतो. प्रोग्रामने जुना फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या डिव्हाइसचा दुवा) बंद केला नसेल तर कॅमेऱ्याचा जुना डिव्हाइस नंबर अडलेला राहतो, परत आलेल्या कॅमेऱ्याला नवा मिळतो, आणि प्रोग्राम जुन्याच दारावर थापा मारत बसतो. ज्या जोडीचा व्हिडिओ कुणीही कीबोर्डला हात न लावता परत सुरू होतो, तिला सोमवारपासून प्रॉडक्टच्या कोडमध्ये घ्या. बाकीच्यांना केबल द्या आणि सांगा, एकाने उपटायची आणि दुसऱ्याने लॉग वाचायचा.