अपडेटनंतर रखडलेला जुना फोन

३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेजच्या फोनवर अँड्रॉइड १० चं ११ केलं की पहिला दिवस तो रखडतोच. आत ॲप्सची नव्याने जुळणी चालू असते. लगेच इंदूरच्या जेल रोडवर बॅटरी बदलायला पळू नका.

दोन दिवसांनीही कीबोर्डवर अक्षर उशिरा उमटत असेल, तर फोन बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरा (काही फोनवर बटणं वेगळी असतात). रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, उघडेल. त्यात ‘वाइप कॅश पार्टिशन’ (तात्पुरत्या फाइल्स पुसणं) असेल तर ते निवडा. (जवळच ‘फॅक्टरी रीसेट’ असतं, ते सगळं पुसतं. बोट जपून!) सॅमसंगचे काही फोन केबलने कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय तिथे जातच नाहीत.

खरं दुखणं बहुधा भरलेलं स्टोरेज. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढून ५-६ जीबी मोकळे केले की फरक पडतो. सुरक्षा पॅच जरूर घ्या. २ जीबी रॅमवर अँड्रॉइडची नवी मोठी आवृत्ती मात्र मी टाकत नाही, कारण जुन्या आवृत्तीकडे परतीचा रस्ता बहुतेक कंपन्या बंदच ठेवतात.