जास्वंदीची पाचवी पाकळी

वनस्पतींची चित्रं शिकायला बाईंकडे गेले आणि पहिल्याच दिवशी जास्वंद काढायला बसले. साधी, लाल, पाच पाकळ्यांची. जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची पदविका, करून आलेली मी, दोन तासांत झकास रंगवून पुढे ठेवली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, ही पाकळी दोन्हीकडून वर कशी?" जास्वंदीच्या प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते, दुसरी खाली, पाचही तशाच एका दिशेने फिरत गेलेल्या. माझी एक पाकळी दोन्ही कडांनी वर बसली होती. "असलं फूल झाडाला येत नाही," म्हणाल्या आणि नवा कागद दिला. चित्र छान आहे की नाही, यावर अवाक्षर नाही.

वनस्पतींची शास्त्रीय चित्रं शिकायची असतील, तर असं अडवणारं माणूस शोधा. शिकवणारे साधारण दोन वाटांनी येतात. चित्रकलेतून आलेले कागद, वॉश (पातळ रंगाचा थर), हिरव्याच्या दहा छटा उत्तम शिकवतात. वनस्पतिशास्त्रातून आलेले फूल उभं चिरून पुंकेसर मोजायला लावतात. दोन्ही एका ठिकाणी मिळणं कठीण, मी स्वतः दोघांकडे शिकले. फी भरण्याआधी एकच विचारा: वर्गात ताजा नमुना असतो, की फोटोवरून काढून घेता? फोटोवरून असेल तर पैसे वाचवा. पानाच्या मागच्या बाजूला लव आहे का, हे बघायला फोटो उलटता येत नाही.

सामानावर फार उधळू नका. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, कंपासपेटीतला डिव्हायडर, टोकदार 2एच पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, 0.1 आणि 0.3 मिलिमीटरचं पेन, गुळगुळीत जाड कागद. फूल कोमेजण्याआधी मापं घेऊन ठेवायची. उरलं काम उद्यावर गेलं तर फूल ओल्या कापसात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये. डब्यावर नाव मात्र लिहा. मी कळलावी ठेवली होती, तीही भाजीच्या कप्प्यात. ती विषारी असते हे कळल्यावर आईने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

उजेड वरून डावीकडून येतो असं धरून छटा द्यायची रीत आहे, ती पाळा. छटा रेघोट्यांनी नव्हे, ठिपक्यांनी. मान धरते, इलाज नाही. आणि आकृतीशेजारी '×3' (तिप्पट मोठं) लिहिण्याऐवजी मापपट्टी काढा, म्हणजे किती लांबी ते दाखवणारी छोटी रेघ; चित्र लहान-मोठं केलं की तीही तशीच होते. एका पुस्तकासाठी मी ×3 लिहून दिलं, छापताना त्यांनी चित्र निम्मं केलं, आकडा तसाच राहिला. फूल कागदावर तिप्पट असल्याचा दावा आणि प्रत्यक्षात दीडपट. शिवाय 0.1 च्या रेघा अर्ध्या गायब. तेव्हापासून चित्र छापायच्या दुप्पट आकारात काढते आणि बारीक रेघ बेतानेच वापरते.

पैशाचं सरळ सांगते. शोधनिबंधांच्या आकृत्या, उद्यानांतले फलक, निसर्गावरची पुस्तकं असं काम येतं, पण सलग येत नाही. माझं भाडं शनिवार-रविवारच्या वर्गांतून निघतं. काम घेताना किती दुरुस्त्या फुकट, मूळ चित्र कुणाकडे राहणार, हे आधी लिहून घ्या.

चित्रकाराच्या नावाचंही सांगते. पुण्याजवळच्या दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथे 1847 ते 1850 या काळात उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रं आहेत, गिब्सन आहेत, चित्रकाराचं नाव नाही. त्याच शतकात मद्रासकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी आपल्या चित्रकाराच्या, गोविंदूच्या, नावावरून ऑर्किडच्या एका प्रजातीला (जीनसला) 'गोविंदूइया' म्हटलं होतं; एवढं कुणी करावं असं माझं म्हणणं नाही. पण माझ्या दरपत्रकात पहिली ओळ चित्राखालच्या नावाची असते, रक्कम दुसऱ्या ओळीत.