गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी हत्यारं घेताना या चुका टाळा

घरच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटायचं ठरलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा ड्रिलची होते आणि दुसरी ग्राइंडरची. ज्यात मोटर आहे ते आधी हवंसं वाटतं. पण ज्यावर काम करायचं ती वस्तू धरायची कशात, हा प्रश्न ती हातातून निसटेपर्यंत पडतच नाही. खरेदीचा क्रम इथेच चुकतो. आधी धरणारी हत्यारं घ्या, फिरणारी मागाहून येऊ देत.

हे मी हात कापून शिकलो. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा लाकडाच्या ठोकळ्यावर डाव्या हाताने दाबून मी त्याला भोक पाडत होतो. बिट छान उतरत होतं, कीस गोल गोल वर येत होता. भोक आरपार जाता जाता खाली उरलेल्या पातळ पापुद्र्यात बिटची धार अडकली आणि अख्खा तुकडा बिटबरोबर गरकन फिरला. पत्र्याची कड अंगठ्याच्या मुळाशी आडवी गेली. ड्रिल चांगलं होतं, बिट नवं होतं. एक साधा क्लॅम्प नव्हता, एवढंच.

व्हाइस शेवटी घेणं, आणि तोही कसाबसा बसवणं

घरच्या कामाला ४ किंवा ५ इंची जबड्याचा बेंच व्हाइस, म्हणजे टेबलावर बसवायचा शिकंजा, पुरतो. मात्र तो कुठे आणि कसा बसवला, यावर सगळं अवलंबून असतं. टेबलाच्या मधोमध बसवला तर कानस मारताना टेबलाची फळीच लवते, म्हणून तो पायाच्या वर, कोपऱ्याजवळ हवा. मागचा, म्हणजे न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यायला हवा, म्हणजे लांब पाइप उभा धरला तरी टेबलाला अडत नाही. लाकडी स्क्रूंवर भागवू नका. आरपार बोल्ट घाला आणि खालून रुंद वॉशर लावा. उंचीही बघा. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवला की जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीला यावी. यापेक्षा खाली असेल तर तासाभरात कंबर धरते.

हॅक्सॉचं पातं सारखं तुटत असेल तर दोष पात्याला देण्याआधी व्हाइसकडे बघा. काम जबड्यापासून फार लांब बाहेर काढलं असेल तर ते थरथरतं आणि दात उडतात. दुसरं कारण दातांच्या मापात असतं. कापायच्या जाडीवर एका वेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत. जाड सळईला इंचाला १८ दातांचं पातं चालतं, पातळ पाइप आणि पत्र्याला ३२ चं लागतं.

पेटीतल्या नगांची संख्या बघून पाने घेणं

मोठी पेटी दिसायला भरगच्च असते, पण त्यातले निम्मे तुकडे कधीच हातात येत नाहीत. गाडीच्या आणि घरच्या कामात बहुतेक वेळ ८ ते १९ मिलिमीटरमध्येच जातो. तेवढेच रिंग पाने आणि सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे) घ्या, पण चांगले घ्या. सॉकेट सहा कोनांचे बघा. बारा कोनांचा सॉकेट अडचणीच्या जागी पटकन बसतो खरा, पण जोर बोल्टच्या कोपऱ्यांवर येतो. गंजलेला किंवा जरा झिजलेला बोल्ट असेल तर डोकं गोल झालंच म्हणून समजा. सहा कोनांचा सॉकेट जोर सपाट बाजूंवर टाकतो. इम्पॅक्ट रेंचला, म्हणजे धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या मशीनला, चकचकीत क्रोमचे सॉकेट कधीही लावू नका. त्या धक्क्यांनी ते तडकू शकतात आणि तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. त्यासाठी जाड, काळे इम्पॅक्ट सॉकेटच हवेत.

ॲडजस्टेबल पाना वापरताना जोर न सरकणाऱ्या जबड्यावर येईल अशा बाजूने ओढा. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळायचं ते ठरवता येणारा पाना, फक्त आवळायला वापरा. बोल्ट सोडवायला नाही. काम झालं की त्याचं सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

जपानी दुचाकींच्या जुन्या स्क्रूंची डोकी नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने हमखास खराब होतात. ते स्क्रू बऱ्याचदा ‘जिस’ (JIS, म्हणजे जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. डोक्यावर छोटा ठिपका दिसला तर त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या.

जॅकवर विसंबणं

याबाबत मी अजिबात सूट देणार नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गळालं तर गाडी हळूहळू खाली येते, आणि कधीकधी हळूहळूही येत नाही. जॅकबरोबरच जॅक स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या पायांची, जोडी घ्या. दोन्हींसाठी एकत्र पैसे नसतील तर जॅकची खरेदीही थांबवा. जमीन सपाट आणि टणक हवी, उरलेल्या चाकांना अडण लावा, गाडी स्टँडवर टेकली की तिला हलवून बघा आणि मगच खाली जा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून वापरू नका. एका बिंदूवर भार आला की ते काही न सांगता फुटतात.

आता फिरणारी हत्यारं

ग्राइंडरची डिस्क घेताना तिच्यावरचा आरपीएमचा आकडा मशीनच्या आकड्याएवढा किंवा जास्त आहे का बघा. १०० मिलिमीटरचे लहान ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतात. मोठी डिस्क बसावी म्हणून गार्ड काढणं हा जीवघेणा प्रकार आहे. कटिंग डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, तीही वाचा.

ड्रिल बिट निळं पडत असेल तर वेग जास्त आणि दाब कमी आहे. साध्या लोखंडात ३ मिलिमीटरच्या बिटला सुमारे २,५०० फेरे ठीक, १० मिलिमीटरच्या बिटला ८०० च्या आसपास पुरे. म्हणून वेग कमी-जास्त करता येणारंच ड्रिल घ्या. बॅटरीवरची हत्यारं एकाच कंपनीच्या एकाच व्होल्टेजची ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं मशीन घेऊन भागतं.

मशीन ओढत नाही, गरम होतं, अशी तक्रार असेल तर आधी एक्स्टेंशन तपासा. लांब आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं. रीळवाली वायर जड कामाला लावताना पूर्ण उलगडा, गुंडाळलेली राहिली तर आतल्या आत तापते.

कॉम्प्रेसर टाकीचे लिटर बघून घेतला जातो आणि फसगत तिथेच होते. सुरुवातीला हवा जोरात येते, दोन मिनिटांत दाब उतरतो. सतत किती हवा मिळणार ते सीएफएमच्या (मिनिटाला किती घनफूट हवा) आकड्यावरून कळतं. चालवायचं हत्यार किती हवा खातं ते आधी बघा आणि कॉम्प्रेसर त्याहून थोडा वरचा घ्या. स्प्रे गन आणि सँडर इम्पॅक्ट रेंचपेक्षा पुष्कळ जास्त हवा मागतात, कारण ते थांबून थांबून चालत नाहीत. आणि रोज काम संपल्यावर टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून साठलेलं पाणी सोडा. ते तांबूस आलं, तर टाकीला आतून गंज चढू लागला आहे.