वॉशिंग्टनला संशोधनासाठी निघताय? आधी आयआरबीचं बघा

पब्लिक डिप्लोमसीवर, म्हणजे एखादं सरकार परदेशातल्या जनतेपर्यंत आपली बाजू कशी पोचवतं यावर, काम करायला अमेरिकी विद्यापीठाचं निमंत्रण आलं की तिकिटं बघत बसू नका. यजमान प्राध्यापकांना ई-मेल टाका आणि एकच विचारा: मुलाखतींसाठी आयआरबीचा अर्ज कुणाच्या नावाने आणि कधी करायचा? माणसांवर किंवा माणसांशी बोलून केलेल्या संशोधनाला मंजुरी देणारी ही विद्यापीठाची समिती. निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्याशी तासभर बोलायला कसली मंजुरी, असं आपल्याकडे राज्यशास्त्रवाल्यांना वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मागच्या खेपेच्या मुलाखती अजून हार्ड डिस्कवर पडून आहेत. ही समिती मागाहून मंजुरी देत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं इथे चालत नाही.

पाहुण्या संशोधकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येईलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी यजमान प्राध्यापकच मुख्य संशोधक लागतात, आणि ते सुट्टीत गायब असतात. अर्जाआधी संशोधन-नैतिकतेचं ऑनलाइन प्रशिक्षण करावं लागतं. त्याला विद्यापीठाचं लॉगिन लागतं, आणि लॉगिन बहुधा तिथे पोचल्यावर मिळतं. म्हणून तात्पुरतं लॉगिन आधीच मागून घ्या. सोबत प्रश्नावली, संमतिपत्राचा मसुदा आणि रेकॉर्डिंग कुठे, किती काळ ठेवणार हेही लिहून द्यायचं असतं. यात आठवडे जातात. चार महिन्यांच्या मुक्कामातले दोन असेच गेले तर मुलाखती घेणार कधी?

कुणीतरी हमखास सांगेल की २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत मौखिक इतिहास वगळलाय. वगळलाय, खरं आहे. पण तुमचं काम त्यात बसतं का, हे समिती ठरवते, तुम्ही नाही. बसत असेल तर तेही तिच्याकडून लेखी घ्या.

कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा आदेश यांचा अर्ज आजच टाका. कुलसचिव कार्यालयाचा वेग मी सांगायला नको.

व्हिसा जे-१, म्हणजे पाहुण्या संशोधकांचा. त्यासाठी विद्यापीठाकडून येणारा फॉर्म डीएस-२०१९ हातात आला की त्यावरचा प्रवर्ग वाचा, कारण तो कुणी वाचत नाही. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला सहा महिन्यांची मर्यादा, पुढे मुदतवाढ नाही. ‘रिसर्च स्कॉलर’ला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो कार्यक्रम संपला की पुढचे २४ महिने त्याच प्रवर्गात परत जाता येत नाही, मग तुम्ही चारच महिने राहिला असलात तरी. थोड्या मुक्कामासाठी पहिला बरा. फुलब्राइटसारखा सरकारी पैसा असेल तर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, तीही बघून ठेवा.

सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-संशोधकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची, फी भरा, पावती छापा. विमा मात्र स्वस्त बघून घेऊ नका: दर आजारामागे किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय स्थलांतराला ५०,०००, मृतदेह मायदेशी आणायला २५,००० आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ५०० डॉलरच्या वर नको. एजंट ‘सगळं कव्हर आहे सर’ म्हणतो. पॉलिसीत आकडे शोधा. जून २०२५ पासून जे-१ व्हिसावाल्यांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, तेव्हा जुन्या पोस्टवरून एकदा नजर फिरवा. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीत विषय दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. खिडकीपलीकडचा अधिकारी मूळचा पब्लिक डिप्लोमसीच्या शाखेतलाच असू शकतो, तिथे फेकाफेक नको.

निघण्याआधी इथलं वाचन उरका. १९४८ च्या स्मिथ-मंट कायद्यामुळे अमेरिकेच्या माहिती खात्याचं, म्हणजे यूएसआयएचं, परदेशांसाठी तयार केलेलं साहित्य खुद्द अमेरिकेत दाखवायला कैक वर्षं बंदी होती. भारतीय वाचकांसाठीचं अमेरिकी सरकारचं ‘स्पॅन’ मासिक असंच, १९६० पासून निघतं ते दिल्लीतून. जुने अंक आपल्याकडच्या ग्रंथालयांत मिळाले तर इथेच चाळा, तिकडचे दिवस त्यावर घालवू नका. एडीएसटी या संस्थेने राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अडीच हजारांवर मौखिक मुलाखती नेटवर मोफत ठेवल्यात. ज्यांना भेटणार त्यांची तिथली मुलाखत आधी वाचा, नाहीतर तेच किस्से पुन्हा ऐकाल. आणि त्यांना भेटीची ई-मेल पाठवण्याआधी? आयआरबी. निमंत्रणाचा मजकूरही समितीला दाखवावा लागतो.

यूएसआयए १९५३ ते १९९९ चालली. तिची कागदपत्रं मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, रेकॉर्ड ग्रुप ३०६. हा ढीग अफाट आणि सूची विस्कळीत, म्हणून विषय, देश, वर्षं लिहून अभिलेखपालांना आधीच ई-मेल करा. वाचक-कार्ड तिथेच मिळतं, पासपोर्ट न्या. पेन आणि पिशवी आत नेता येत नाही, शिसपेन्सिल चालते. मोबाइलने फोटो काढता येतात, फ्लॅश बंद ठेवून. एकेकाळच्या गोपनीय कागदांसाठी तिथले कर्मचारी गोपनीयता उठवल्याची पट्टी देतात, ती प्रत्येक फोटोत दिसायलाच हवी. फोटोला नाव देताना खोक्याचा क्रमांक तिथल्या तिथे लिहा; ‘रात्री लिहू’ म्हणालात की ते राहिलंच. वाचनकक्षात गार असतं, स्वेटर न्या.

पोचल्यावर मुलाखती. मंजुरीचं पत्र हातात आहे ना? नसेल तर चहाला भेटा, पण रेकॉर्डर काढू नका आणि त्या गप्पा ‘डेटा’ म्हणून वापरू नका. निवृत्त मंडळी बरीचशी व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये राहतात. मेरीलँडमध्ये समोरच्याच्या संमतीशिवाय खाजगी संभाषण रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, आणि फोनवरचं बोलणंही त्यात आलं. सेवेत असलेले अधिकारी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बोलत नाहीत, मागे लागू नका. प्रश्न बदलले, यादीत नवा माणूस आला, ई-मेलऐवजी झूमवर बोलायचं ठरलं, तर समितीला आधी कळवा. आधी, नंतर नाही.

व्हॉईस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी प्रसारणसंस्थेवर काम असेल तर मार्च २०२५ नंतर तिथे काय चाललंय ते बघून जा आणि तिच्या संकेतस्थळावरची लागतील ती पानं आत्ताच उतरवून ठेवा.

मधे कॅनडात परिषदेला जाणार असाल तर डीएस-२०१९ वर प्रवासाची सही घ्या. ग्रंथालयाची पुस्तकं परत करा. लॉगिन बंद होण्याआधी फाइल्स बाहेर काढा, दोन प्रती ठेवा. कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस मिळतात ते आवरायला, काम करायला नाही. पगार झाला नसला तरी अमेरिकी करखात्याचा फॉर्म ८८४३ पुढच्या वर्षी १५ जूनपर्यंत भरायचा असतो, घरबसल्या, टपालाने.